पुसता न येणारा फोटो

आई गेली त्या वेळची गोष्ट. २०१९ चा श्रावण. तेराव्याला भिंतीवर लावायला तिचा एक फोटो हवा होता. एवढंच. दादा म्हणाला, "तुझ्या फोनमध्ये असेल की गं. तू तर सारखी फोटो काढत असतेस."

होते ना! अकरा हजारांच्या वर फोटो होते. मुलाचे वाढदिवस, शाळेचं स्नेहसंमेलन, प्रीतिसंगमावरचा सूर्यास्त, पुरणपोळीचं ताट, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फुलं. रात्री दोनपर्यंत मी बोटानं सरकवत बसले. आई मात्र कुठे नव्हती. म्हणजे होती, पण कशी? वाढणारा एक हात. मागून दिसणारा अंबाडा. दारातून आत वळलेला पदर. एका फोटोत तर तोंडासमोर धरलेला नुसता पंजा.

मग आठवलं. मी फोन समोर धरला की आई म्हणायची, "माझा कशाला काढतेस? पोरांचे काढ." तरी काढलाच, की लगेच, "दाखव बघू. शी! किती म्हातारी दिसतेय. पूस तो." आणि मी पुसायचे. तिच्यासमोरच, तिचं समाधान व्हावं म्हणून. अशी किती वेळा पुसली असेल मी आईला!

शेवटी फोटो सापडला तो माझ्या कपाटातल्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. डब्यात निगेटिव्ह होत्या. एक एक पट्टी खिडकीशी धरून पाहत गेले. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, त्यामुळे पटकन ओळखू येत नाही. पण एका घरात आई होती, नक्की. १९९८ चा उन्हाळा, वाईच्या घराची गच्ची. आई कुरडया घालतेय. साडी खोचलेली, डोक्याला जुनं फडकं, कोपरापर्यंत चीक. सोऱ्या हातात तसाच धरून वर बघतेय आणि हसत हसत मला रागावतेय. "मेले, कुरडया घालायच्या सोडून फोटो काय काढतेस!" हे शब्द मला ऐकूसुद्धा आले.

स्टँडजवळच्या स्टुडिओतून तो मोठा करून घेतला. भिंतीवर लावला. आलं-गेलं माणूस म्हणायचं, अगदी आत्ता बोलेल असं वाटतंय.

चौदाव्या दिवशी मावशी म्हणाली, "हा कुठून आणलास? हा तर ताईनं बंबात घातला होता."

मी अल्बम काढून बघितला. खरंच, त्या पानावर तेवढीच जागा रिकामी होती. म्हणजे आईनं तेव्हाही पुसलाच होता स्वतःला. फक्त तेव्हा पुसला गेला तो कागद. निगेटिव्ह राहिली.

## छत्तीस म्हणजे छत्तीसच

हा फोटो मी ज्या कॅमेऱ्यानं काढला तो पेंटॅक्स के १०००. नोकरी लागल्यावर पगारातून पैसे बाजूला टाकून १९९७ मध्ये जुना, दुसऱ्याचा वापरलेला घेतला होता. घरात ओरडा खाल्ला होता. "बाईमाणसाला हे कसले डोहाळे?" हे वाक्य कोणी म्हटलं ते सांगत नाही!

त्याआधी घरात बाबांचा आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलवर फोटो बाराच. त्यामुळे बाबा फोटो काढायचे म्हणजे सोहळाच असायचा. सगळ्यांनी केस विंचरून अंगणात उन्हात उभं राहायचं. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता. १९६० मध्ये स्थापन झालेला. त्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट रोलचं नाव 'इंदू'. आज तो कारखाना बंद आहे. पण कित्येक घरांतल्या आजी-पणजी त्या इंदूवरच टिकून आहेत.

माझ्या कॅमेऱ्यात छत्तीसचा रोल बसायचा. तो गणपतीत भरायचा आणि दिवाळीपर्यंत पुरवायचा. भाऊबीज झाली की उरलेले दोन-तीन फोटो उगाच तुळशीवृंदावनाचे वगैरे काढून संपवायचे आणि रोल धुवायला टाकायचा. चार दिवसांनी पाकीट हातात पडलं की स्टुडिओच्या पायरीवरच उघडायचं. कोणाचे डोळे मिटलेले, कोणाचं डोकं उडालेलं. तरी सगळे फोटो अल्बममध्ये जायचे. पैसे मोजले होते ना!

२००६ मध्ये आमच्याकडे डिजिटल आला. खोटं कशाला बोलू, मला तो मनापासून आवडला. रोलचा खर्च नाही, धुवायची भानगड नाही. शाळेच्या सहलीत एका दिवसात तीनशे फोटो काढले, तेव्हा श्रीमंत झाल्यासारखं वाटलं होतं. नंतर फोन आले आणि ज्या बायकांनी आयुष्यात कधी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, त्या फोटो काढायला लागल्या. हे लहान नाही. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटोसुद्धा नवऱ्याच्या नावानं छापले गेले होते. आज आमच्या गल्लीतली सातवीतली पोरगी स्वतःच्या नावानं फोटो टाकते. ते चांगलंच आहे.

गंमत म्हणजे डिजिटल कॅमेरा जन्माला आला तो रोल विकणाऱ्या कोडॅकमध्येच. १९७५ मध्ये तिथल्या स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरनं तो जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. एक फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागायचे. कंपनीनं त्याचं फार काही केलं नाही आणि २०१२ च्या जानेवारीत कोडॅकवरच दिवाळखोरी जाहीर करायची वेळ आली. पुढच्या वर्षी कंपनी त्यातून बाहेर पडली. रोल मात्र अजून बनतात. इतकंच नाही, २०२४ मध्ये पेंटॅक्सनं फिल्मचा एक अगदी नवा कॅमेराही बाजारात आणला. म्हणजे परत फिरणारी मी एकटीच नाही.

## पहिला रोल... कोरा!

आईच्या वर्षश्राद्धाची वाट न बघता मी पेंटॅक्स बाहेर काढला. तेरा वर्षं चामड्याच्या कव्हरमध्ये होता. लेन्समध्ये बुरशीची जाळी धरली होती. मागच्या दाराच्या कडेला काळा स्पंज असतो, आत उजेड जाऊ नये म्हणून. त्याचा चिकट गोळा झाला होता. कोल्हापुरात एक जुने कारागीर अजून अशी कामं करतात असं कळलं. त्यांनी लेन्स साफ केली, स्पंज बदलला आणि म्हणाले, "ताई, याला काय होतंय? ह्यो लोखंडाचा गडी हाय. सेल संपला तरी चालणार." खरंच आहे ते. या कॅमेऱ्यात सेल लागतो तो फक्त उजेड मोजायला. बाकी सगळं दात्यांवर आणि स्प्रिंगवर चालतं.

२०२० ची संक्रांत. हळदीकुंकवाला वीस-बावीस जणी आल्या होत्या. मी ऐटीत कॅमेरा काढला. प्रत्येकीचा एकेक फोटो, तिळगूळ देताना, वाण लुटताना. छत्तीस झाले. सदतीस झाले. कधी कधी एखादा जास्त बसतो, म्हणून खूश झाले. एकोणचाळीस, चाळीस... तेव्हा पोटात गोळा आला. फिल्मचं टोक आतल्या रिळात अडकलंच नव्हतं! मी नुसतीच खटके मारत होते. फिल्म होती तिथेच होती.

पुढे दोन महिने बायका विचारत होत्या, "फोटो आले का हो?" काय सांगणार! शेवटी खरं सांगून टाकलं. एक जण म्हणाली, "बरं झालं बाई, माझी साडी चुरगळलेली होती." पुन्हा तेच!

पण त्या कोऱ्या रोलनं एक गोष्ट लक्षात आणून दिली. त्या संध्याकाळी एकीनंही "दाखव बघू" म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हटलं दोघी-तिघींनी. पण कॅमेऱ्याच्या पाठीवर काळा पत्रा. बघणार काय? मग त्या हसल्या आणि पुन्हा गप्पांना लागल्या. पुसायला सांगायचं तर आधी दिसायला हवं. आणि हा कॅमेरा दाखवतच नाही.

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग फोनवरचेच पुसू नकोस. त्यासाठी हजार रुपयांचा रोल कशाला?" मुद्दा बरोबर आहे. मी प्रयत्नही केला. पण समोरची बाई हात पुढे करून "बघू" म्हणते, तेव्हा नाही म्हणवत नाही. तिनं तोंड वाकडं केलं की आपला अंगठा आपोआप त्या कचऱ्याच्या डब्याच्या चित्राकडे जातो. फोटो काढायचं आणि निवडायचं काम एकाच मिनिटात होतं, आणि त्या मिनिटात प्रत्येक बाई स्वतःची सगळ्यात कडक परीक्षक असते. फिल्ममध्ये या दोन गोष्टींत महिना जातो. महिन्यानं तीच बाई तोच फोटो जरा मायेनं बघते.

## विरजण लागल्यासारखं

फिल्मवर फोटो उमटतो कसा, हे मी माझ्या वर्गातल्या मुलींना दह्याच्या उदाहरणानं सांगते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. खटका दाबला की क्षणभर उजेड आत येतो आणि जिथे पडतो तिथल्या कणांत अगदी किंचित बदल होतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. दुधाला विरजण लावल्यावर लगेच दिसतं का काही? तसंच. पुढे डेव्हलपरच्या पाण्यात तो बदल कित्येक पटींनी वाढतो आणि चित्र वर येतं. मग फिक्सर. नको असलेले क्षार धुऊन काढायचे, म्हणजे पुढे उजेडात धरलं तरी बिघडणार नाही.

रंगीत रोल धुण्याची रीत जगभर एकच. डेव्हलपर जवळजवळ ३८ अंशांचा आणि वेळ सव्वातीन मिनिटं. अंशभर इकडेतिकडे झालं की रंग बिघडतो. आमच्या गावातली रोल धुण्याची मशीनं कधीच भंगारात गेली, म्हणून मी रोल कुरिअरनं पुण्याला पाठवते. ब्लॅक अँड व्हाइट मात्र घरी धुते, न्हाणीघरात. त्याला पाणी साधारण २० अंशांचं हवं. कराडच्या मे महिन्यात नळाचं पाणीच चहा करण्याइतकं तापलेलं. मग घमेल्यात बर्फ घालायचा आणि त्यात बाटल्या ठेवायच्या. धुतलेली फिल्म कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून वाळत घालते. पहिल्यांदा ते बघून सासूबाई म्हणाल्या, "आता हेच वाळत घालायचं राहिलं होतं!"

उजेडाचा हिशेबही नव्यानं शिकावा लागला. फोनची सवय अशी, की अंधारातही फोटो येतो. रंगीत निगेटिव्हला जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. माझ्या दुसऱ्या रोलमधले स्वयंपाकघरातले नऊच्या नऊ फोटो मातकट, चिखलासारखे आले. आता मी त्या व्यक्तीला खिडकीशी बोलावते. निवडायच्या भाजीची परडी घेऊनच ये म्हणते. हात कामात असले की चेहरा मोकळा असतो.

खर्चाचंही सांगते, लपवायचं काय! रंगीत छत्तीसचा रोल मला शेवटी साडेआठशेला पडला. धुणं आणि स्कॅनिंग मिळून सहाशे. कुरिअर वेगळं. म्हणजे एक फोटो चाळीस रुपयांच्या वर जातो. शिक्षिकेच्या पगारात हे दर महिन्याला परवडणारं नाही. मी वर्षाला चार रोल घेते. फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवते. मुलाच्या वाढदिवसाचे, सहलीचे फोटो फोनवरच काढते. फिल्म ठेवली आहे ती एकाच कामासाठी. ज्या "माझा नको" म्हणतात, त्यांच्यासाठी.

## पण तिला नको असेल तर?

मावशीचं ते वाक्य मात्र मनातून जात नव्हतं. आईनं तो फोटो जाळला होता. आणि मी तोच भिंतीवर लावला, चार माणसांसमोर. आपल्याला आवडला म्हणून तिचं 'नको' मोडायचा मला काय अधिकार? तिच्या हयातीत मी ती म्हणेल तसं पुसत गेले, आणि ती गेल्यावर तिनं पुसलेलं परत आणलं. यातलं चूक कोणतं? की दोन्ही?

उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण जिवंत माणसांच्या बाबतीत एक नियम करून टाकलाय. आधी विचारायचं. हो म्हणाली तरच खटका. फोटो आला की पहिली प्रत तिच्या हातात द्यायची, दुसऱ्या कोणाला दाखवायच्या आधी. दोन दिवस तिच्याकडे राहू द्यायची. त्यानंतरही तिला नको असेल, तर निगेटिव्हचं तेवढं घर कात्रीनं कापून पाकिटात घालून तिलाच द्यायचं. पुसायचं तर तिनं पुसावं. माझ्या अंगठ्यानं नाही.

आजपर्यंत अकरा जणींचे फोटो काढले. समोरच्या काकू, शाळेतल्या शिपाईबाई, पोळ्या करायला येणाऱ्या ताई, माझी मोठी नणंद. बहुतेकींनी पहिल्या दिवशी नाकं मुरडली. ताई म्हणाल्या, "माझा चेहरा असा ओढल्यावानी दिसतोय?" दोन दिवसांनी म्हणाल्या, "माझी आई अशीच दिसायची. एक लेकीला पाठवायचाय." एकीनं मात्र निगेटिव्ह मागून घेतली. मी दिली. फोटो फार सुंदर होता, अजून चुटपुट लागते. पण तो तिचा होता.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर जुना कॅमेरा पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. आत रोल असेल तर झाकण उघडण्याआधी तो गुंडाळून घ्या, नाहीतर उजेड लागून सगळं जाईल. नवा रोल भरल्यावर पुढची चावी फिरवताना डावीकडची चक्री फिरतेय का, ते पाहा. ती फिरली तरच फिल्म सरकतेय. माझ्यासारखं हळदीकुंकू कोरं जाऊ देऊ नका! कॅमेरा चामड्याच्या कव्हरमध्ये कोंडू नका, आपल्याकडच्या पावसात बुरशी धरतेच. घरी रोल धुणार असाल तर स्वयंपाकाची भांडी त्यात वापरायची नाहीत आणि वापरलेला फिक्सर मोरीत ओतायचा नाही. त्यात चांदी असते. बाटलीत साठवून लॅबला द्यायचा.

आणि कॅमेरा नसला तरी निगेटिव्ह असतीलच. पिशव्यांत, बिस्किटांच्या डब्यात, जुन्या पर्समध्ये. अल्बम ठेवून निगेटिव्ह फेकून दिल्या असं खूप घरांत ऐकते. उलटं आहे बायांनो! प्रत फाटली तर निगेटिव्हवरून दुसरी निघते. कोरड्या जागी ठेवा. एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढू नका, जाणकाराकडे न्या. आणि कधीतरी दुपारी खिडकीशी धरून बघा. कोण भेटेल सांगता येत नाही.

वाईच्या भिंतीवर आईचा तो फोटो अजून आहे. मावशी आली की म्हणते, "तिला आवडला नसता." म्हणते, आणि त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहते.

आमच्या सासूबाई बारावी असणार की नाही, ते परवापर्यंत नक्की नव्हतं. चार वर्षं विचारतेय. चार वर्षं एकच उत्तर, "मला नको बाई." परवा मी खिडकीशी बसून कॅमेरा पुसत होते. त्या समोर शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "किती राहिलेत त्यात?"

"दोन."

थोडा वेळ नुसता शेंगांचा आवाज. मग म्हणाल्या, "एक काढ. पण कवळी घालून येते."

गेल्या, आणि दारातूनच परत फिरल्या. "राहू दे. आत्ताच काढ. गेले तर विचार बदलेल माझा."

खटका दाबला. त्यांनी "दाखव बघू" म्हटलं नाही. रोल अजून संपायचा आहे. एक फोटो शिल्लक आहे.